दिवसभर उपास, रात्री डिकी: खाण्याच्या ‘व्यसना’चं एक प्रकरण

सर ४३ वर्षांचे. पुण्यात शास्त्री रस्त्यावरच्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी शिकवतात. घर कोथरूडला, पत्नी बँकेत, मुलगी आठवीत, आई सोबत. उंची १७० सेंटिमीटर, वजन १०८ किलो, म्हणजे बीएमआय ३७ च्या थोडा वर. मधुमेह ६ वर्षांपासून, रक्तदाबाची गोळी चालू, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.९. बेरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठीची, सर्जरी करून घ्यायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि शस्त्रक्रियेआधीच्या मानसिक तपासणीसाठी सर्जननी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बहुतेक लोक या तपासणीकडे पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनसारखं बघतात. सही मिळाली की निघायचं. सर मात्र स्वतःचं निदान स्वतःच करून आले होते. म्हणाले, “मॅडम, मी फूड अॅडिक्ट आहे. वडील दारू प्यायचे, मी क्रीमरोल खातो. फरक एवढाच, त्यांना लोक उचलून घरी आणायचे आणि मी गाडी चालवत येतो.”

हे वाक्य त्यांनी घोकून आणलं असावं, पण त्यामागचा इतिहास खरा होता. वडील व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले आणि पुढे मरेपर्यंत दारूला शिवले नाहीत. ‘पहिला घोट नाही म्हणजे नाही’ हे वाक्य त्या घराने जवळजवळ देवघरात ठेवलं. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून या शहरात आहे, त्यामुळे पुण्यातल्या कितीतरी घरांना ही भाषा तोंडपाठ असते. सरांनी तीच भाषा मैद्याला आणि साखरेला लावली होती: बंद म्हणजे बंद. दर सोमवारी बंद, दर गुरुपौर्णिमेला बंद, मुलीच्या वाढदिवसापासून बंद.

प्रत्यक्षात काय चाललं होतं ते त्यांच्या पत्नीमुळे कळलं. गेली दोन वर्षं सर दिवसातून एकदाच जेवत होते, रात्री नऊनंतर. क्लासमधल्या कुणीतरी फॉरवर्ड केलेला व्हिडिओ, मग त्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप, मग ‘शरीराला शिस्त’. दिवसभर पाणी आणि काळी कॉफी. संध्याकाळची बॅच साडेआठला सुटायची. घरी येताना रस्त्यात बेकरी. चार क्रीमरोल, दीडशे ग्रॅम खारी, वेफर्सचं एक पाकीट, कधी पेस्ट्री. हे सगळं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दिवे नसलेल्या कोपऱ्यात, स्कूटरवर बसूनच पंधरा-वीस मिनिटांत संपायचं. शेवटचा क्रीमरोल चव लागत नसतानाही जायचा. तेलाचे डाग पडलेल्या पिशव्या डिकीत, आणि सकाळी क्लासच्या कचरापेटीत. मग वर जाऊन दोन पोळ्या कशाबशा खायच्या आणि ‘आज भूक नाही’ म्हणायचं. आठवड्यातून पाच रात्री तरी.

जूनच्या एका पावसात मुलगी रेनकोट शोधायला डिकी उघडते काय आणि त्या पिशव्या तिच्या हाती लागतात काय. ती काही बोलली नाही, आईला मात्र दाखवल्या. त्या आठवड्यात सरांनी सर्जनची अपॉइंटमेंट घेतली.

आता निदानाचं. ‘फूड अॅडिक्शन’ हा शब्दप्रयोग १९५६ मध्ये थेरॉन रॅन्डॉल्फ या अमेरिकी डॉक्टरने वैद्यकीय लेखनात आणला. तो अजूनही अधिकृत निदान नाही. मानसिक आजारांच्या डीएसएम-५ या अमेरिकी यादीत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही नाही. तरी मोजायला साधन आहे. येल विद्यापीठातल्या गिअरहार्ट, कॉर्बिन आणि ब्राउनेल यांनी २००९ मध्ये येल फूड अॅडिक्शन स्केल केली आणि २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. दारू-ड्रग्जसाठीची ११ लक्षणं घ्यायची, त्यात नशेच्या पदार्थाच्या जागी खाणं ठेवायचं आणि ३५ प्रश्न विचारायचे. ठरवल्यापेक्षा जास्त खाल्लं का? सोडायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसला का? त्रास होतोय हे कळूनही चालू ठेवलं का? मी हे प्रश्न सरांना मराठीतून, बोलत बोलत विचारले, त्यामुळे आलेला आकडा अंदाज म्हणूनच धरावा. ११ पैकी ८ आले. सहा किंवा जास्त, आणि त्यासोबत जगण्यात अडथळा किंवा त्रास असेल, तर मापनी त्याला ‘तीव्र’ म्हणते. सरांना आनंद झाला. खरंच झाला. “बघा, म्हटलं नव्हतं?”

डीएसएम-५ ने २०१३ मध्ये स्वतंत्र आजार म्हणून मान्य केलेल्या बिंज ईटिंग डिसऑर्डरचे निकषही ते पूर्ण करत होते. थोड्या वेळात भरमसाट खाणं, हातातून ताबा सुटल्याची भावना, भराभर, एकट्याने, लाजत, नंतर स्वतःची किळस. आणि हे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने. ही दोन वर्तुळं एकमेकांवर बरीच चढतात. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात वजन जास्त किंवा लठ्ठ असलेल्यांपैकी साधारण २५ टक्के लोक या मापनीवर ‘फूड अॅडिक्ट’ ठरले, तर खाण्याचा विकार असलेल्यांत हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास गेलं. त्याचा एक सरळ अर्थ असा की चार लठ्ठ माणसांपैकी तिघं या मापनीत बसतच नाहीत. ‘जाड आहे म्हणजे खाण्याचं व्यसन असणार’ हा आपल्याकडचा लाडका तर्क तिथेच गळून पडतो.

माझ्यासोबत काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांचं आणि माझं मात्र इथे जुळेना. त्यांचं म्हणणं, हा बुलिमिया आहे. बुलिमिया म्हणजे उलट्या, असंच लोक समजतात; पण खाल्ल्याची भरपाई म्हणून केलेला कडक उपासही त्या निकषात येतो. सर उलट्या करत नव्हते, जुलाबाची औषधं घेत नव्हते. पण फार खाल्लं की दुसऱ्या रात्रीचं जेवणही टाळून ‘पाण्यावर’ राहायचे. हे महिन्यातून एक-दोनदाच, म्हणून माझ्या मते तो उंबरठा ओलांडला जात नव्हता. ते म्हणाले, रोजचे उपासाचे तेवीस तास कोणत्या खात्यात टाकणार? प्रश्न रास्त होता. सर म्हणायचे तो उपास शुगरसाठी आहे, आणि पाच मिनिटांनी म्हणायचे, “काल रात्री जे केलं त्यानंतर सकाळी नाश्ता करायला तोंड कुठंय?” शेवटी कागदावर ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर, भरपाईच्या उपासासह’ असं लिहिलं. उपचाराची पहिली पायरी दोन्हीकडे एकच असल्याने वाद तिथेच ठेवला.

पहिलं काम नोंदवही. काय खाल्लं, किती वाजता, कुठे, मनात काय होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत, यावर सर हिरमुसले. त्यातली मंगळवारची नोंद अशी: ‘६.३० शुगरची गोळी, काळी कॉफी. ११ कॉफी. ३ पाणी. ५.४५ गुणोत्तराचं उदाहरण सोडवताना खडू धरलेला हात थरथरला, घाम. ६.४० पोरांवर उगाच ओरडलो. ८.५० बेकरी. लाज.’

लाज वगैरे समजलं. पण हात का थरथरावा? आणि घाम? कोणती शुगरची गोळी, असं विचारल्यावर त्यांनी मोबाइलवरचं प्रिस्क्रिप्शन दाखवलं: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. ग्लिमेपिराइड न्याहारीच्या वेळी घ्यायची असते. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. सर न्याहारी करत नव्हते, दुपारी जेवत नव्हते, पण गोळी मात्र न चुकता घेत होते, शिस्तीचा माणूस. उपासाबद्दल त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. का, तर ते रागावतील. आणि डॉक्टरांनी ‘जेवण वेळेवर आहे ना?’ विचारल्यावर ‘हो’ म्हटलं होतं. रोज रात्री नऊ, म्हणजे वेळेवरच.

ग्लुकोमीटर क्लासला न्यायला सांगितला. दुसऱ्याच दिवशी सायंकाळी ६.४० ला आकडा ६१. सत्तरच्या खाली साखर उतरली की शरीर घाम, थरथर, चिडचिड आणि गोड खाण्याची आंधळी ओढ अशा सगळ्या घंटा एकदम वाजवतं. म्हणजे साडेआठनंतर बेकरीच्या दारात उभा असलेला माणूस ‘इच्छाशक्ती कमी पडलेला’ नव्हता. त्याचा मेंदू साखर मागत होता, आणि तेही औषधाच्या जोरावर. मधुमेहाच्या डॉक्टरांशी त्याच संध्याकाळी बोलणं झालं. त्यांनी ग्लिमेपिराइड थांबवून दुसरी गोळी दिली. (कुणी वाचून स्वतःची गोळी स्वतः बंद करू नये. उपास करताय हे मात्र डॉक्टरांना नक्की सांगा. श्रावणात, नवरात्रात तर आधीच सांगा.)

गोळी बदलल्यावर थरथर आठवड्यात गेली. पाच रात्रींच्या तीन-चार झाल्या. बेकरी सुटली नाही. सर म्हणाले, “म्हणजे उरलेलं व्यसन आहे. आता मैदा-साखर कायमची बंद करतो, तुम्ही फक्त साक्षीदार राहा.”

इथे आमचा खरा वाद झाला. संपूर्ण वर्ज्य करण्याचा मार्ग माझ्या माहितीबाहेरचा नाही. ओव्हरईटर्स अॅनॉनिमस ही अति खाणाऱ्यांची स्वमदत संघटना १९६० पासून दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्याच पायऱ्यांवर चाललेली आहे, आणि काहींना त्या गटांचा आधार मिळतो. पण सरांच्या नोंदवहीत एक गोष्ट उघडी दिसत होती. ज्या सकाळी मोठा संकल्प, त्या रात्री मोठी खरेदी. ‘उद्यापासून बंद’ असं ठरलं की आज शेवटचं म्हणून दुप्पट. आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात ते थट्टेने, पण त्यात निरीक्षण पक्कं आहे.

प्रयोगशाळेतही हेच दिसलं आहे. प्रिन्स्टनला बार्ट होबेल आणि निकोल अॅव्हिना यांनी उंदरांना साखरेची चटक लावली. त्या प्रयोगांचा जगभर गाजावाजा झाला, ‘साखर हे ड्रग’ असे मथळे आले. मथळ्यांत न आलेला भाग असा की त्या उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखर दिली जात होती. ज्यांच्यासमोर साखर दिवसभर होती, त्यांनी तसा फडशा पाडला नाही. माणसांतलं उदाहरण त्याहून जुनं आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. पुन्हा जेवण सुरू झाल्यावर त्यांच्यातले काही आजारी पडेपर्यंत खात राहिले आणि तरी भूक आहे म्हणाले. त्याआधी ती चारचौघांसारखी जेवणारी पोरं होती.

तरी क्रीमरोल साळसूद आहे असं मी म्हणणार नाही. सरांच्या नोंदवहीत आमटी-भातावर ताव मारल्याची एकही नोंद नव्हती. मैदा, साखर आणि तूपसदृश चरबी एकत्र आली की ते घशाखाली चावायच्या आधीच उतरतं. केविन हॉल यांनी २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना महिनाभर दवाखान्यातच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खाऊ दिलं. पहिल्या प्रकारात ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. ते कुणी व्यसनी नव्हते. पदार्थ ओढतोच, उपाशी माणसाला कैक पटींनी ओढतो. म्हणून मी आधी उपास मोडायला घेतला, पदार्थ नंतर.

नियम दोनच ठेवले. दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको, आणि कोणताही पदार्थ तूर्त ‘बंद’ नाही. सकाळी साडेआठला पोहे किंवा अंडं-पोळी, साडेबाराला पूर्ण जेवण, साडेचारला ताक आणि फुटाणे, संध्याकाळी साडेसातला दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत डब्यातली मटकीची उसळ, साडेनऊला सगळ्यांसोबत हलकं जेवण. सरांना सगळ्यात अवघड गेली ती मटकी. विद्यार्थ्यांसमोर डबा उघडायचा? एवढ्या वजनाच्या माणसाने? दोन आठवडे ते स्टाफरूमचं दार लावून खात होते.

घरी तर भूकंप झाला. आई म्हणाल्या, “डॉक्टरकडे बारीक व्हायला गेला आणि खायला शिकून आला.” पत्नीचा राग जास्त समजण्यासारखा होता. फराळाच्या कपाटाला कुलूप त्यांनीच लावलं होतं, किल्ली त्यांच्या पर्समध्ये असायची, रोज रात्री डिकी त्याच तपासायच्या. कुलूप काढा म्हटल्यावर त्या रडल्या. “मॅडम, मी पोलीस व्हायला लग्न केलं नव्हतं. पण ह्यांना झटका आला तर धावाधाव कोण करणार?” या प्रश्नाला मी गुळमुळीत उत्तर दिलं नाही. झटक्याचा धोका आहे, तो कुलपाने कमी झालेला नाही, एवढंच सांगितलं. डिकी तपासणं त्याच दिवशी थांबलं. कुलूप निघायला दोन महिने गेले.

पहिल्या महिनाअखेर वजन १०९.५. सर चिडून आले. “मी गणिताचा माणूस आहे मॅडम. बेरजेत आकडे वाढवले की उत्तर वाढणारच.” मग म्हटलं करा हिशेब. पाकिटांवरचे आकडे जमवून त्यांनी मांडलं: डिकीतली एक रात्र अंदाजे १८०० कॅलरी, पूर्वी आठवड्याला पाच, म्हणजे ९०००. आता अशी रात्र आठवड्यातून एक. आणि सकाळ-दुपारची भर घातली, रात्रीचं जेवण हलकं झालं ते वजा केलं, तर दोन्ही बाजू जवळपास सारख्याच निघाल्या. त्यांनी कागदाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “मग उपास करून मी काय कमावलं?” हा प्रश्न मी विचारला असता तर उपदेश झाला असता.

कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचा मी सरांसोबत करत होते तो उपचार, त्याबद्दल हे आधीच सांगायला हवं, आणि मी ते सांगते: त्याने अनियंत्रित खाण्याचे झटके चांगले कमी होतात, वजन मात्र फारसं उतरत नाही. वजनासाठी येणाऱ्या माणसाला हे कडू लागतं.

दिवाळी तिसऱ्या महिन्यात आली. सरांना घरात फराळ करूच नये असं वाटत होतं. केला. ताटलीत घेऊन, बसून, सगळ्यांसमोर खायचा एवढंच ठरलं. चकली, करंजी, शंकरपाळे यांचं काही झालं नाही. झालं ते चिवड्याचं. रात्री अकराला, सगळे झोपल्यावर, डब्यात हात. पोट भरलेलं, साखर ठीक, उपास नाही, संकल्प नाही. तरी हात थांबेना. दिवाळी सरली आणि पाकिटातला फरसाण-चिवडा आला, तोही तसाच.

हे माझ्या मांडणीत बसत नव्हतं आणि मला ते बसवायचंही नव्हतं. क्रीमरोलची ओढ उपासासोबत विरली, चिवड्याची नाही. मग चिवड्यापुरता सरांचा मार्ग घेतला: मोठं पाकीट घरात आणायचं नाही. बाहेर, कुणासोबत, प्लेटमध्ये मिळाला तर खायचा. वडिलांचा नियम एका पदार्थाला लागू पडला आणि सरांना त्याचं समाधान वाटलं, ते मी हिरावून घेतलं नाही.

पाचव्या महिन्यात इंजेक्शनचा विषय निघाला. मौंजारो हे मधुमेहाचं आणि वजन उतरवणारं औषध मार्च २०२५ मध्ये भारतात आलं आणि तेव्हापासून क्लासच्या स्टाफरूममध्येही त्याचीच चर्चा. मधुमेह असल्याने सरांना त्याचा हक्काचा उपयोग आहे, आणि निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा. माझी अट एकच होती: भूक मेली तरी डबे चुकवायचे नाहीत, नाहीतर तेवीस तासांचा उपास औषधाच्या नावाने परत यायचा. डॉक्टरांनी कमी मात्रेवर सुरू केलं.

आठव्या महिन्यात वजन १०१, एचबीए१सी ६.८. यात इंजेक्शनचा वाटा मोठा आहे, माझा नाही. माझ्या खात्यात जमा होईल ते म्हणजे डिकी: इंजेक्शनच्या आधीच पार्किंगमधल्या रात्री महिन्याला एक-दोनवर आल्या होत्या. येलची मापनी मागच्या १२ महिन्यांबद्दल विचारते. मी फक्त शेवटच्या तीन महिन्यांपुरते प्रश्न विचारले, तेव्हा लक्षणं ३ आली. तिन्ही चिवड्याची. सर्जनना कळवलं की शस्त्रक्रियेला मानसिक कारणासाठी कायमचा नकार नाही, पण ताबा सुटून खाणं सर्जरीनंतर चालू राहिलं तर वजन परत येतं, तेव्हा सहा महिने थांबून पुन्हा बघू. सरांनी स्वतःहून वर्षभर मागितलं.

गेल्या महिन्यात राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या जादा बॅचेस लागल्या. साडेसातची मटकी तीन दिवस राहिली, आणि त्याच आठवड्यात दोनदा बेकरी झाली. सरांनी ते लपवलं नाही. नोंदवही टेबलावर ठेवली आणि डबा चुकलेल्या वारांभोवती लाल पेनने गोल केलेले होते. आता क्लासच्या वेळापत्रकातच साडेसात ते पावणेआठ ‘ब्रेक’ असं छापून घेतलंय, म्हणजे विद्यार्थीच बाहेर काढतात. स्टाफरूमचं दार उघडंच असतं. पुढची भेट मुख्य परीक्षेच्या बॅचेस सुरू व्हायच्या आत ठेवली आहे, आणि त्या दिवशी पत्नीही येणार आहेत. त्यांना स्वतःचं काही बोलायचंय, सरांबद्दल नाही.